घरगुती मत्स्यपेटीतील पाणी निरोगी कसे राखावे

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. १९५१ साली मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्या काळी असे मासे पाहावयाचे तर मुंबईस जावे लागे. आज तालुक्याच्या गावीही माशांचे दुकान आढळते, आणि शेतकरी कुटुंबांतील मुलेही हौसेने पेटी घरी आणतात. काही घरांतून या छंदाचे रूपांतर लहानशा जोडधंद्यातही होते. परंतु पुष्कळ ठिकाणी ही हौस महिनाभरही टिकत नाही.

नेहमी घडते ते असे. नवी पेटी धुऊन पुसून मांडली जाते. तीत नळाचे पाणी भरून त्याच दिवशी दहाबारा मासे सोडले जातात. पहिले चार दिवस मोठ्या आनंदात जातात. आठव्या-दहाव्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात व एकदोन मरतात. घरातील माणसे घाबरून सर्व पाणी ओतून देतात, रेती व पेटी साबणाने घासतात आणि पुन्हा ताजे पाणी भरतात. चार दिवस बरे जातात व पुन्हा तोच प्रकार होतो. अखेर रिकामी पेटी माळ्यावर जाते व ‘आमच्या घरी मासे लाभत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो.

वास्तविक येथे लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नाही. त्या घरात मासे नीट सांभाळले गेले. सांभाळले गेले नाही ते पाणी. आणि पाणी सांभाळावयाचे म्हणजे ते वारंवार बदलावयाचे असे नसून, त्यात राहणारे, डोळ्यांस न दिसणारे उपयुक्त जंतू जगवावयाचे, ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली म्हणजे पुढील सर्व कामे सोपी होतात.

स्वच्छ दिसणारे पाणी विषारी कसे होते

मासा जे अन्न खातो त्यातील प्रथिनांत नत्र असते. शरीरास नको असलेले नत्र मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. खाली पडून कुजणारे अन्न, विष्ठा व मेलेली पाने यांपासूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असल्याने हा अमोनिया विरळ होतो. पेटीत मात्र तो साठत राहतो. तो पाण्यात पूर्णपणे विरघळलेला असतो व त्याला रंग नसतो, म्हणून पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही मासे मरतात.

हे प्रमाण किती असते हे साध्या हिशेबाने समजेल. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ४० सें.मी. उंच अशा पेटीत रेतीची जागा वजा जाता सुमारे ५५ लिटर पाणी राहते. तीत रोज अर्धा ग्रॅम अन्न टाकले व त्या अन्नात ४० टक्के प्रथिने असली, तर त्यातून २०० मिलिग्रॅम प्रथिने पाण्यात जातात. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते, म्हणजे रोज ३२ मिलिग्रॅम नत्र झाले. त्यांपैकी निम्मेच अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरले असे धरले, तरी लिटरमागे दररोज सुमारे ०.३ मिलिग्रॅमची भर पडते व आठवड्यात हे प्रमाण २ मिलिग्रॅमवर जाते. नवी पेटी आठव्या-दहाव्या दिवशीच का बिघडते याचे उत्तर या हिशेबात आहे.

पाण्याचा सामू जसजसा वाढतो तसतसा अमोनिया अधिक जहरी होतो. सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेवढा भाग माशास बाधक अशा रूपात असतो, त्याच्या सुमारे दसपट भाग सामू ८ असताना त्या रूपात असतो. पाणी उबदार झाले म्हणजेही हा बाधक भाग वाढतो. दख्खनच्या काळ्या कातळातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड व किंचित विम्लधर्मी असते. म्हणून आपल्याकडील पेटीत या बाबतीत अधिक सावध राहणे जरूर आहे.

जे शेतात तेच पेटीत

या विषाचा बंदोबस्त निसर्गानेच केलेला आहे, आणि शेतकऱ्यास तो अपरिचित नाही. शेतात शेणखत टाकले म्हणजे त्यातील नत्राचे प्रथम अमोनियात, मग नायट्राइटात व शेवटी नायट्रेटात रूपांतर होते. पिके नत्र मुख्यतः या शेवटच्या रूपातच घेतात. हे काम जमिनीतील जंतू करतात. १८७७ साली श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच फरक दिसला नाही. त्यानंतर खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट आढळू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया बंद पडली. त्यावरून हे काम सजीवांचे आहे हे सिद्ध झाले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जंतू वेगळे करून दाखविले. एकच जंतू हे दोन्ही टप्पे पार पाडू शकतो, असे २०१५ साली आढळून आले. तसा एक जंतू मत्स्यसंवर्धनाच्या पाण्याच्या गाळणीतच सापडला, हे येथे विशेष सांगण्यासारखे आहे.

मत्स्यपेटी ही त्या वाळूच्या नळीचीच आवृत्ती होय. तिच्यातील रेती, गाळणीतील स्पंज, काच व वनस्पतींची पाने यांवर हे जंतू थर करून राहतात. मोकळ्या पाण्यात ते फारसे नसतात. त्यांना अमोनिया हे अन्न, प्राणवायू व वसतीस जागा एवढेच हवे असते. मात्र त्यांची वाढ फार सावकाश होते. पेटीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः तीन ते सहा आठवडे लागतात. सर्व सामान साबणाने घासणारा मनुष्य ही वस्ती प्रत्येक वेळी नव्याने नष्ट करतो, आणि मासे पुन्हा त्याच संकटात सापडतात.

नवी पेटी मुरविणे

नवीन पेटीत लगेच मासे न भरता ती प्रथम मुरू द्यावी. नदीची जाडसर रेती, धुतल्यावर पाणी गढूळ होईनासे होईपर्यंत धुऊन घ्यावी व तळाशी सुमारे ५ सें.मी. जाडीचा थर द्यावा. संगमरवराचा चुरा किंवा शिंपले घालू नयेत, कारण त्यांतील चुन्यामुळे पाण्याचा सामू वाढतो. नंतर पाणी भरून गाळणी व हवेचा पंप सुरू करावा.

दूध नुसते ठेवल्याने चांगले दही होत नाही, त्यास विरजण लागते. पेटीचेही तसेच आहे. ओळखीच्या माणसाकडे निरोगी माशांची जुनी पेटी असल्यास तिच्यातील मूठभर रेती किंवा गाळणीतील स्पंजाचा तुकडा ओल्या स्थितीतच आणून नव्या पेटीत घालावा. या विरजणामुळे मुरण्याचा काळ बराच कमी होतो. रोगट माशांच्या पेटीतील रेती मात्र आणू नये.

आरंभी गप्पीसारखे काटक असे दोन किंवा तीन मासेच सोडावेत व त्यांना अगदी थोडे अन्न द्यावे. या मुदतीत दर दोनतीन दिवसांनी पंचमांश पाणी बदलावे. माशांच्या दुकानात अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे द्रव मिळतात. ते घेणे शक्य असल्यास दोन्हींचे प्रमाण शून्यावर येईपर्यंत नवे मासे आणू नयेत. त्यानंतरही एका वेळी दोनतीनच मासे वाढवावेत, म्हणजे जंतूंची संख्याही बेताबेताने वाढते.

पाणी केव्हा व किती बदलावे

मुरलेल्या पेटीत अमोनिया राहत नाही, परंतु त्यापासून झालेले नायट्रेट साठत जाते. ते अमोनियाइतके घातक नसले तरी फार वाढल्यास माशांची वाढ खुंटते व हिरवे शेवाळ माजते. म्हणून दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी काढून तेवढेच नवे पाणी घालावे. अन्नाचे प्रमाण कायम असेल, तर या एका नियमाने नायट्रेट ठराविक मर्यादेपलीकडे वाढत नाही. वरील हिशेबातील पेटीस आठवड्यातून चौदा लिटर, म्हणजे एक मोठी बादली पाणी पुरते. रबरी नळीचे एक टोक रेतीत किंचित खुपसून पाणी ओढून घ्यावे, म्हणजे तळाचा गाळही त्याबरोबर निघून येतो.

वाफ होऊन कमी झालेले पाणी वरून भरले म्हणजे पाणी बदलले, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वाफ निघून जाते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागेच राहतात. नुसती भर घालीत राहिल्यास, निचरा नसलेल्या बागायती जमिनीत क्षार फुटावेत, तसे पेटीतही क्षार वाढत जातात.

संपूर्ण पाणी एकदम बदलण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. पाण्याचा सामू, उष्णता व क्षार यांत अचानक फरक पडल्यास मासा हबकतो. नवे पाणी हातास पेटीतील पाण्याइतकेच थंड वा उबदार लागले पाहिजे. दोन अंशांहून अधिक फरक नसावा.

नळाचे व विहिरीचे पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. त्याने माशांचे कल्ले भाजून निघतात व उपयुक्त जंतूही मरतात. पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी क्लोरीनचे प्रमाण वाढविले जाते. असे पाणी रुंद तोंडाच्या उघड्या बादलीत किंवा टिपात चोवीस तास ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. जेथे पाण्यास क्लोरामीन वापरतात तेथे मात्र नुसते ठेवून भागत नाही. अशा वेळी दुकानात मिळणारे क्लोरीनरोधक औषध बाटलीवर दिलेल्या प्रमाणात वापरावे.

विहिरीच्या किंवा विंधन विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतो, परंतु जमिनीखालून नुकत्याच आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी व कर्बवायू अधिक असतो. तेही एक दिवस उघडे ठेवावे आणि एका बादलीतून दुसरीत उंचावरून चारसहा वेळा ओतावे. ज्या विहिरीजवळ पिकांवर औषध फवारलेले असेल, किंवा फवारणीचा पंप धुतला जात असेल, तिचे पाणी वापरू नये. फवारणीस वापरलेली बादली कितीही धुतली तरी ती मत्स्यपेटीस लावू नये. काही कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांस मारक असतात.

गाळणीची निगा

गाळणी ही केवळ कचरा अडविणारी वस्तू नसून उपयुक्त जंतूंचे मोठे घर आहे. घरगुती पेटीस हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी स्वस्त व पुरेशी असते. तीतून पाणी मंद येऊ लागले म्हणजे स्पंज काढून, पेटीतून नुकत्याच काढलेल्या पाण्यात दोनतीन वेळा हलकेच पिळावा व परत बसवावा. नळाखाली धरून किंवा साबणाने तो कदापि धुऊ नये. स्पंज स्वच्छ करण्याचा व रेतीतील गाळ काढण्याचा दिवस शक्यतो वेगळा ठेवावा, म्हणजे जंतूंची सर्व वस्ती एकाच वेळी हलत नाही.

रात्री आवाज होतो म्हणून पंप बंद करणे योग्य नाही. पंप बंद असताना स्पंजातील जंतूंस प्राणवायू मिळत नाही व काही तासांनी ते मरू लागतात. वीज बराच वेळ गेल्यास तांब्याने पेटीतीलच पाणी घेऊन हातभर उंचीवरून हळूहळू पुन्हा पेटीत ओतावे. दर अर्ध्या तासाने पाचदहा तांबे असे ओतल्यास मासे तग धरतात. त्या काळात अन्न मुळीच देऊ नये.

अन्न व माशांची संख्या

पाणी बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे प्रेमाने घातलेले जास्त अन्न होय. घरातील प्रत्येक माणूस येता-जाता चिमूटभर टाकतो आणि त्याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. म्हणून अन्न घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. दोनतीन मिनिटांत मासे संपवतील एवढेच अन्न दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे व उरलेले काढून टाकावे. पोळीचे तुकडे, पाव, भात घालू नये. आठवड्यातून एक दिवस माशांसही उपास घडवावा. निरोगी माशास त्याने काहीही अपाय होत नाही, व पाण्यास मात्र विश्रांती मिळते.

लहान जातीच्या माशांसाठी, माशाच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला दोन लिटर पाणी हा ढोबळ हिशेब धरावा. त्याप्रमाणे ५५ लिटरच्या पेटीत ३ सें.मी. लांबीचे नऊ मासे सुखाने राहतात. गोल्डफिश मोठा होणारा व पाणी फार घाण करणारा मासा असल्याने त्यास हा हिशेब लागू नाही. वरील पेटीत त्याचे एखादे लहान पिल्लूच ठेवावे व ते वाढल्यावर मोठ्या पेटीत हलवावे. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची पद्धत तर अगदीच चुकीची आहे. गळ्यापर्यंत भरलेल्या गोल भांड्यात पाण्याचा हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग अगदी अरुंद होतो व मासा हळूहळू गुदमरतो.

ऊन, उन्हाळा व वनस्पती

२० अंश सेल्सियस उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमच मावतो. उलट, उबदार पाण्यात माशांस प्राणवायू अधिक लागतो. म्हणून विदर्भ व खानदेशातील उन्हाळ्यात पेटी घराच्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी, झाकण थोडे उघडे ठेवून पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ द्यावा व अन्न कमी करावे. माठातील पाणी जसे वाफेमुळे थंड होते, तसेच येथेही घडते.

खिडकीतील थेट ऊन टाळावे, नाहीतर पाणी हिरवे होते. दिव्याचा उजेड दिवसाकाठी सहा ते आठ तास पुरे. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या वनस्पती आपल्या हवेत सहज वाढतात. त्या अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात व दिवसा प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्याही प्राणवायू घेतात, म्हणून दाट वनस्पती असलेल्या पेटीत रात्री पंप चालू असणे अधिकच जरूर आहे. पिवळी पडलेली पाने वेळीच खुडावीत.

धोक्याची लक्षणे व तातडीचे उपाय

मासे केवळ पहाटे पृष्ठभागाशी येत असतील व दिवसा पूर्ववत होत असतील, तर रात्री प्राणवायू कमी पडतो असे समजावे व हवा वाढवावी. ते दिवसभर धापा टाकीत असतील, कल्ले लालभडक दिसत असतील, तर अमोनियाचा संशय घ्यावा. कल्ले तपकिरी दिसत असल्यास नायट्राइट वाढले असण्याचा संभव असतो, कारण त्यामुळे माशाचे रक्त तपकिरी होऊन प्राणवायू वाहून नेईनासे होते.

कोणत्याही प्रसंगी प्रथम अन्न बंद करावे, हवेचा पंप पूर्ण वेगाने चालवावा आणि साठवलेल्या पाण्याने अर्धे पाणी बदलावे. आवश्यक वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तसे करावे. नायट्राइटाचा संशय असेल तर लिटरमागे एक ग्रॅम साधे जाडे मीठ पाण्यात विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइडामुळे नायट्राइटाचा माशाच्या शरीरातील प्रवेश कमी होतो. यासाठी चोवीस तास ठेवलेल्या पाण्याचे एक टिप घरात नेहमी भरलेले असावे. रेती व गाळणी यांस मात्र या गडबडीत हात लावू नये.

काढलेल्या पाण्याचे व नको असलेल्या माशांचे काय करावे

पेटीतून दर आठवड्यास निघणारे पाणी मोरीत ओतू नये. त्यात जंतूंनी तयार केलेले नायट्रेट असते, म्हणजेच ते पातळ खतच होय. परसबागेतील वांगी, मिरची व पालेभाज्या, किंवा अंगणातील तुळस यांस ते निःशंकपणे घालावे. मात्र माशांचे औषध किंवा मीठ घातलेले पाणी झाडांस घालू नये.

छंदाचा कंटाळा आला किंवा मासे फार वाढले, तर ते विहीर, ओढा, नदी किंवा तलावात सोडून देणे दयेचे वाटले तरी घातक आहे. पेटीची काच स्वच्छ ठेवतो म्हणून आणला जाणारा, मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनी जलाशयात आढळू लागला असून तेथील मच्छीमारांस तो तापदायक ठरला आहे. नको असलेले मासे दुकानदारास किंवा दुसऱ्या छांदिष्टास द्यावेत.

आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी बदलणे, साठवलेले पाणी तयार ठेवणे, अन्न एका हाताने व बेताने घालणे आणि गाळणी पेटीच्याच पाण्यात पिळणे, एवढी चार कामे घरातील दहा-बारा वर्षांचे मूलही अर्ध्या तासात करू शकते. ती नियमाने करणाऱ्या मुलास जमीन कशी जिवंत असते हे पुढे वेगळे शिकवावे लागणार नाही. शेताच्या मातीत चालणारे काम त्याने घरातील काचेआड रोज पाहिलेले असेल.